सेकंडहँड इनोव्हा बघायला गेलो आणि थेट मागापाशी पोचलो (टोयोटा)

घाटउतार:
मंडळी, झालंय असं की आईबाबांचे गुडघे आता छोट्या गाडीत वाकून बसू देत नाहीत म्हणून दोन महिन्यांपासून एखादी जुनी इनोव्हा शोधतोय. एक सापडली. २०१४ ची, १ लाख ९० हजार किमी झालेली. मालकाने किंमत सांगितली ती ऐकून मी विचारलं काका एखादं शून्य जास्त लागलंय का, तर ते शांतपणे म्हणाले "अहो टोयोटा आहे, आत्ता कुठं इंजिन मोकळं झालंय." मेकॅनिक तेच म्हणतो, सोसायटीतले तेच म्हणतात, सासरे तर डोळे मिटूनच म्हणतात. दुसऱ्या कुठल्या गाडीचा एवढा आकडा सांगितला असता तर याच लोकांनी भंगारवाल्याचा नंबर दिला असता.

मग रात्री वाचत बसलो की हा भरवसा आला कुठून. तर यांचा मूळ धंदा कापडाचे माग बनवायचा! साकिची टोयोडा, जन्म १८६७, सुताराचा मुलगा. घरच्या बायका हातमागावर राबायच्या ते बघून त्याने सुधारित हातमाग बनवला, १८९१ ला पेटंट मिळालं, मग आयुष्यभर मागच करत बसला. १९२४ ला 'टाईप जी' नावाचा स्वयंचलित माग आला आणि तो इतका सरस निघाला की १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क १ लाख पौंडांच्या कराराने घेतले. लँकेशायरच्या (इंग्लंडातला कापडगिरण्यांचा भाग) कापडाखाली आपण भरडलो गेलो आणि त्याच लँकेशायरला जपानी सुताराचा माग विकत घ्यावा लागला, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. मुलगा किइचिरो, त्याला मोटारीचं वेड. १९३३ ला मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग काढला, १९३५ ला जी१ ट्रक, १९३६ ला एए मोटार, १९३७ ला वेगळी कंपनी. टोयोडाचं टोयोटा का केलं तर जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ तिकडे शुभ.

तर प्रश्न असा की हे नाव कमावलेलं आहे का आपण पिढ्यान् पिढ्या एकमेकांना सांगून हवा केली आहे?

खवचट_आजोबा:
हवा. सुरुवात तरी बघा. जी१ ट्रक रस्त्यात बंद पडायचे आणि मागोमाग कंपनीची माणसं पाने घेऊन धावायची. १९५७ ला क्राऊन गाड्या अमेरिकेला नेल्या, तिथल्या फ्रीवेवर धापा टाकायला लागल्या, इंजिनं तापली. काही वर्षांत त्या मोटारी गुंडाळून परत, दुकान चालू राहिलं ते लँड क्रूझरवर. भारतातही हे २००० साली आले असं पोरांना वाटतं, पण ऐंशीच्या दशकात डीसीएम टोयोटाचे छोटे ट्रक होते, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निसान या चौकडीतले. पुढे डीसीएमनं कोरियाच्या देवूशी पाट लावला. तेव्हा कोणी टोयोटाच्या नावाने आरती ओवाळत नव्हतं.

स्टीअरिंगताई:
आजोबा, १९५७ ची गोष्ट सांगून २०१४ च्या गाडीचा भाव पाडताय होय :) वाचतेय, सविस्तर लिहिते संध्याकाळी.

मागवाला_इचलकरंजी:
कधी नव्हे ते आमच्या धंद्याचा धागा निघाला, अक्षरशः. आमच्या घरात माग आजोबांपासून, त्यामुळे मोटारीचं राहू दे, मागाचं सांगतो कारण तिथंच सगळी मेख हाय.

साध्या यंत्रमागाला डोळे नसतात. आडवा धागा तुटला तर निदान काट्यावर कळतं, पण ताण्यातला एखादा उभा धागा तुटला तर माग आपला खडखड चालूच राहतो आणि कापडात मीटर दोन मीटर रेघ पडते. ती रेघ पुढं व्यापारी काढतो आणि भाव पाडतो. म्हणून माणूस उभा करायचा, चार माग नाहीतर सहा, आणि त्यानं दिवसभर नजर ठेवायची, कान तर आमच्यात सगळ्यांचेच गेलेले. स्वयंचलित मागाला प्रत्येक उभ्या धाग्यावर एक बारीक पत्र्याची पट्टी लटकवलेली असते. धागा तुटला की पट्टी पडते, पट्टी पडली की माग थांबतो. एवढंच. ऐकायला काय विशेष नाही वाटणार पण एकदा का माग स्वतः थांबायला लागला की माणसाला त्याच्या तोंडाकडं बघत बसावं लागत नाही. आणि टाईप जी ची दुसरी करामत म्हणजे धोट्यातली (आडवा धागा इकडून तिकडं नेतो तो) सुताची कांडी संपत आली की माग चालू असतानाच धोटा बदलतो. म्हणजे बिघडलं तर थांबायचं आणि नुसतं सूत संपलं म्हणून थांबायचं नाही. हे दोन वेगळे हायत हे ज्याला कळलं त्यानं निम्मा कारखाना जिंकला.

आणि माग सोडलेत असं समजू नका, त्यांच्या टोयोटा इंडस्ट्रीजचे एअरजेट माग आजही बनतात. किंमत विचारू नका, इनोव्हा स्वस्त वाटंल.

नागोयाची_रेवती:
मागवालेदादा _/\_ काय समजावलंय.

मी नागोयात नऊ वर्षं आहे (कंपनीशी काही संबंध नाही, नवऱ्याची नोकरी दुसरीकडे). इथे त्यांच्या जुन्या लाल विटांच्या कापड कारखान्यात म्युझियम आहे, १९९४ ला उघडलेलं. पाहुणे आले की नेतेच, मोटारी बघायला म्हणून येतात आणि मागाच्या दालनात अडकतात. तिथे टाईप जी चालू करून दाखवतात. माझ्या आईने बघितलं आणि म्हणाली "अगं हा तर कामवाल्या बाईपेक्षा शहाणा आहे, चुकला की थांबतो, आमची ती भांडतच बसते."

या थांबण्याला ते जिदोका म्हणतात. स्वयंचलन या अर्थाचाच जपानी शब्द आहे, पण टोयोटावाले तो लिहिताना 'हलणे' या अक्षराच्या बाजूला माणसाची खूण जोडतात. उच्चार तोच, अक्षर वेगळं, की यंत्र नुसतं हलत नाही तर माणसासारखं चूक ओळखून थांबतं. जपानी लोक असल्या अक्षरांच्या खेळात फार रमतात, पण इथे खेळ खरा ठरला.

एक अवांतर: सुझुकी पण मागवालेच बरं का. मिचिओ सुझुकीचा मागाचा कारखाना १९०९ चा, हामामात्सुला, आणि साकिचीचं जन्मगाव म्हणजे आताचं कोसाई, तिथून जवळच. होंडाचा सोइचिरो त्याच भागातला, त्याची पिस्टन रिंगची कंपनी टोयोटाला माल द्यायची आणि युद्धानंतर त्याने ती टोयोटालाच विकून टाकली. म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांचं आजोळ एकच म्हणा ना.

शिरीष_नाशिक:
म्हणून सुझुकीच्या बलेनोची टोयोटा ग्लान्झा झाली तर! भावकीतच सोयरीक.

चाकणचा_नट:
१७ वर्षं सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे मला या विषयावर बोलताना बीपी वाढतो.

मागातली ती पट्टी मोटारीच्या कारखान्यात गेली तेव्हा तिची दोरी झाली. लाईनवरच्या कुठल्याही कामगाराला काही खटकलं तर डोक्यावरची दोरी ओढायची, वर बोर्डावर दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, सुटलं तर ठीक नाहीतर लाईन थांबते. आंदोन म्हणतात त्याला. आता आपल्याकडे पण सगळीकडे आंदोन आहे. आमच्याकडेही आहे, छान पिवळी दोरी. मी जॉईन झाल्यावर एका पोराने ती ओढली तर सुपरवायझरने आधी विचारलं "कोणी ओढली रे?" टोयोटात पहिला प्रश्न "काय झालं?" असतो. फरक एवढाच आहे आणि तो कुठल्याही ट्रेनिंगच्या पीपीटीत बसत नाही.

दुसरं पोरगं म्हणजे जस्ट इन टाईम, लागेल तेव्हा लागेल तेवढंच. कल्पना किइचिरोची, पण ती अंगात भिनवली ताइइची ओनोने, आणि तोही मूळचा कापड विभागातलाच माणूस. अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून घेतलं, गिऱ्हाईकाने फळीवरून जेवढं उचललं तेवढंच मागून भरायचं. पुढच्या माणसाने कार्ड पाठवलं की मागच्याने तेवढाच माल करायचा, त्या कार्डाला कानबान म्हणतात. गोदामात माल पडून राहणं म्हणजे मुदा, म्हणजे वाया.

आपल्याकडे याचं काय झालं ते सांगतो (नाव घेत नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे). गिऱ्हाईक कंपनीने स्वतःचं गोदाम रिकामं केलं, ऑडिटला टाळ्या वाजल्या, आणि तोच सगळा माल आम्ही भाड्याच्या शेडमध्ये साठवतो. ट्रक रस्त्याकडेला उभे, ड्रायव्हर जेवण करतोय, चाकण-तळेगाव रोडला कधी आलात तर बघा, जस्ट इन टाईमची रांग असते ती.

खवचट_आजोबा:
हे मान्य. पण मग जपानमध्ये तरी काय वेगळं, पुरवठादाराच्या मानेवर पाय तिथेही असणारच.

चाकणचा_नट:
असतोच आजोबा, किंमत तर दरवर्षी पिळतात. पण १९९७ ची गोष्ट ऐका. १ फेब्रुवारीला जपानमध्ये कारियाला आयसिन या टोयोटाच्या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह, टोयोटाचे जवळपास सगळे तिथेच बनायचे आणि साठा काही तासांचा. झालं, टोयोटाच्या जपानमधल्या लाईनी बंद. जस्ट इन टाईमवर हसणाऱ्यांना आयतं कोलीत. पण मग आयसिनने ड्रॉइंग वाटून टाकली आणि ज्यांनी कधी हा पार्ट केला नव्हता त्यांनी जमेल त्या मशीनवर तो काढायला घेतला, त्यात शिलाई मशीनवाली ब्रदर कंपनीसुद्धा. आठवड्याभरात गाड्या परत निघायला लागल्या. सगळे एकाच वेळी कामाला लागले, पैशाचं नंतर बघू म्हणून. आमच्या गिऱ्हाईकाकडे आग लागली तर आम्ही पहिल्यांदा थकलेली बिलं काढू.

आणि हे सगळं जपानी रक्तात आहे वगैरे म्हणू नका कोणी. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम, १९८२ ला बंद पडला. १९८४ ला टोयोटाने जीएमबरोबर तोच उघडला, कामगार बरेचसे तेच, युनियन तीच, आणि दर्जा जपानच्या जवळ गेला. माणसं तीच होती, दोरी ओढल्यावर ओरडणारे बदलले. (२०१० ला तो बंद झाला, आता तिथे टेस्ला आहे.)

घाटउतार:
नटभाऊ, जबरी. कामगारांवरून आठवलं, १९५० चं प्रकरण वाचलं का कोणी? युद्धानंतर विक्री झोपली, पैसे संपले, बँकांनी वाचवलं पण अटी घातल्या. विक्रीची कंपनी वेगळी काढा आणि माणसं कमी करा. किइचिरोने माणसं काढणार नाही असा शब्द दिला होता. संप झाला, शेवटी १६०० जणांना काढायचं ठरलं आणि त्याबरोबर जूनमध्ये त्याने स्वतःही राजीनामा दिला. आणि नशीब बघा, त्याच महिन्याच्या २५ तारखेला कोरियाचं युद्ध सुरू झालं, अमेरिकन लष्कराच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनी तरली. तीन आठवडे! १९५२ ला तो गेला, जेमतेम सत्तावन्न वर्षांचा. कोरोला (१९६६) त्याने पाहिलीच नाही, जी २०२१ पर्यंत ५ कोटींच्या वर खपली.

बंडोपंत_कामगार:
बिडदीत, टोयोटाच्या इथल्या कारखान्यात, नोव्हेंबर २०२० ला कामगारांचं आंदोलन झालं तेव्हा लॉकआउट लावला होता, ते पण लिहा की. दोरी ओढायचा मान वगैरे सगळं म्युझियममध्ये.

चाकणचा_नट:
बरोबर आहे तुमचं. कामाचा वेग हा तिथला भांडणाचा मुद्दा होता. मुदा काढता काढता माणसाचा दोन मिनिटं टेकायचा वेळ पण मुदात मोजतात, हे मी जवळून बघितलंय (दुसरीकडे).

स्टीअरिंगताई:
हं, आले. मी आणि नवरा मिळून ट्रॅव्हल्स चालवतो, २००३ पासून, तेव्हा पुराण बाजूला, हिशेब सांगते.

पहिली गाडी क्वालिस. जानेवारी २००० ला आली तेव्हा सगळे हसले होते, ठोकळा म्हणून. आणि ठोकळाच होती, इंडोनेशियातली किजांग ती, तिकडे आधीच जुनी झालेली. पण २.४ चं साधं डिझेल इंजिन, दहा माणसं आणि टपावर सामान. अष्टविनायक, पंढरपूर, रात्री हिंजवडीच्या कॉल सेंटरच्या शिफ्टा, गाडी थंड व्हायचीच नाही. चांगली खपत असताना २००५ ला कंपनीने ती बंद केली आणि इनोव्हा आणली, आम्ही शिव्या घातल्या होत्या. सहा महिन्यांत शिव्या गिळल्या.

लोक मायलेज बघतात, मी गाडी किती दिवस उभी राहिली ते बघते. ऐन मे महिन्यात आठ दिवस गाडी वर्कशॉपला म्हणजे सीझन गेला. इनोव्हाला हजार-पंधराशे जास्त लागतात पार्टला पण पार्ट कधी जाईल ते आधी कळतं. टायमिंग बेल्ट, क्लच, सस्पेन्शनचे बुश, आकडा ठरलेला, डायरीत लिहून ठेवायचा. न बिघडणारी गाडी नाहीच जगात, सांगून बिघडते ती चांगली.

आणि घाटउतार, तुम्हाला म्हणून सांगते. १ लाख ९० हजारवर विश्वास ठेवू नका. चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिसला जुना रेकॉर्ड काढायला सांगा. आणि ब्रेक-क्लचच्या पॅडलचं रबर बघा, स्टीअरिंग गुळगुळीत झालंय का बघा. रबर खोटं बोलत नाही.

मावळचा_वाघोबा:
फॉर्च्युनर विसरलात सगळे. आमच्याकडे जमिनीचे पैसे आले की पहिली पांढरी फॉर्च्युनर, मग बंगला, मग वाढदिवसाचा फ्लेक्स. गुंठामंत्र्याची अधिकृत गाडी. साकिचीला कोणीतरी कळवा.

वाडीचा_पोरगा:
पलूस तालुक्यातून लिहितोय, त्यामुळे न बोलून चालायचं नाही. टोयोटाने भारतात १९९७ ला कोणाबरोबर कंपनी काढली? किर्लोस्कर. आणि त्याच्याही दोन वर्षं आधी, १९९५ ला, दोघांची पहिली भागीदारी कशाची होती? कापडाच्या यंत्रांची, किर्लोस्कर टोयोडा टेक्स्टाईल मशिनरी. म्हणजे इकडे पण आधी कापड मग मोटार.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, साकिचीपेक्षा दोन वर्षांनी धाकटे. चित्रकला शिकायला मुंबईला गेले, डोळ्यांना रंग ओळखू येईनात म्हणून यंत्राकडे वळले, व्हीजेटीआयला शिकवलं, बेळगावला सायकलचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो नांगर घ्यायलाच तयार नव्हते. शेवटी औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि १९१० ला निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर टोयोटाला इकडे घेऊन आले, ते नोव्हेंबर २०२२ ला गेले. आमच्याकडचे म्हातारे अजून टोयोटाला "आपली गाडी" म्हणतात आणि कारखाना मात्र बिडदीला, बेंगळुरूजवळ. ३१ जुलै २०२४ ला संभाजीनगरच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार झालाय, २० हजार कोटींचा, वर्षाला ४ लाख गाड्या म्हणे. बघू, कागदावर आपण नेहमीच पुढे असतो.

खवचट_आजोबा:
आरती झाली, आता प्रसाद घ्या. ऑगस्ट २००९, सॅन डिएगो. लेक्ससचा (टोयोटाचाच महागडा ब्रँड) अ‍ॅक्सिलरेटरचा पॅडल मॅटमध्ये अडकला, गाडी सुसाट, चार माणसं गेली. मग पॅडल चिकटतो हे पण निघालं. लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कंपनीचा तेव्हाचा अध्यक्ष अकिओ टोयोडाला २४ फेब्रुवारी २०१० ला अमेरिकन काँग्रेससमोर माफी मागावी लागली, आणि २०१४ ला १२० कोटी डॉलर भरले. ते पैसे पॅडल अडकला म्हणून नाही भरले, माहिती दडवून लोकांची दिशाभूल केली म्हणून भरले. कुठे गेली पट्टी? कोणी ओढली दोरी?

नागोयाची_रेवती:
आजोबा, इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष असल्याचं तेव्हा बोललं जात होतं, ते नासाच्या लोकांनी तपासलं आणि २०११ च्या अहवालात तसा पुरावा सापडला नाही, एवढं त्यांच्या बाजूने. पण दडवण्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के. अकिओने स्वतः तिथे कबूल केलं की आम्ही फार वेगाने वाढलो, माणसं तयार होण्याआधी. २००८ ला जीएमला मागे टाकून पहिला नंबर आला आणि पुढच्याच वर्षी हे.

आणि त्यापेक्षा मला डायहात्सूचं जास्त लागलं. टोयोटाच्याच मालकीची छोट्या गाड्यांची कंपनी. डिसेंबर २०२३ ला चौकशीचा अहवाल आला, सुरक्षा चाचण्यांत १७४ गडबडी, ६४ मॉडेल, सगळ्यात जुनी १९८९ ची! इथे शेजारच्या काकूंची तीच गाडी, त्या चार दिवस गाडीकडे बघून नुसत्या मान हलवायच्या. अहवालात काय लिहिलं होतं माहितीये, गाडी बाजारात आणायच्या तारखा इतक्या आवळलेल्या होत्या की चाचणी नापास झाली तर पुढे ढकलू या असं म्हणायची सोयच उरली नव्हती. मागवालेदादांच्या भाषेत, ताण्यातला धागा तुटलेला सगळ्यांना दिसत होता आणि तीस वर्षं माग खडखडत राहिला.

मागवाला_इचलकरंजी:
पट्टीला गाठ मारून ठेवली की होतंय असं. आमच्यात पण करतात, उत्पादन कमी यायला लागलं की जॉबर (मागांची देखभाल करणारा) पहिली ती थांबायची कळच बांधून टाकतो.

चाकणचा_नट:
आणि जानेवारी २०२४ ला डिझेल इंजिनांच्या पॉवर चाचणीतली गडबड निघाली तेव्हा इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची रवानगी भारतात पण काही दिवस थांबवली होती. माझ्या मित्राची डिलिव्हरी लटकली, मुहूर्त गेला, बायको अजून बोलते.

शिरीष_नाशिक:
इलेक्ट्रिकमध्ये पण मागेच आहेत ना? प्रियस १९९७ ला काढून जगाला हायब्रिड शिकवलं आणि मग तिथेच बसून राहिले. २०२२ ला बीझेड४एक्स काढली तर चाकाचे बोल्ट सैल होतात म्हणून परत बोलावली. चाकाचे बोल्ट!! मागातून निघालेल्या कंपनीला.

वाडीचा_पोरगा:
पण ऊसवाल्यांना आशा आहे. गडकरीसाहेबांनी ऑगस्ट २०२३ ला इथेनॉलवर चालणारी इनोव्हा हायक्रॉस दाखवली, त्याआधी हायड्रोजनची मिराई घेऊन संसदेत गेले होते. टाकीत उसाचा रस घालून पंढरपूरला जाऊ एक दिवस.

घाटउतार:
अपडेट देतो. स्टीअरिंगताई, तुमचे पाय कुठे आहेत. काल चासी नंबर देऊन रेकॉर्ड काढला. सप्टेंबर २०२० च्या सर्व्हिसला मीटर २ लाख ३४ हजार. आणि आज गाडीत १ लाख ९० हजार. क्लच पॅडलचं रबर नवं कोरं, बाकी सगळं जुनं, ते बघूनच पाल चुकचुकली होती.

काकांना विचारलं तर म्हणाले "टोयोटाला काय फरक पडतो हो चाळीस-पन्नास हजाराने." मेकॅनिकने खाली झोपून सगळं बघितलं आणि बाहेर येऊन म्हणतो, "साहेब, काका लबाड आहेत, गाडी नाही. दीड लाख पाडा आणि घ्या." पाडून मागितलेत. काका विचार करून सांगतो म्हणालेत.

खवचट_आजोबा:
मागातला एकही धागा मागे फिरवता येत नाही, मीटर मात्र आपण फिरवतो. घ्या, पण बेल्ट आधी बदला.